खाड्याचे दिवस

"ओळखीची खूण दाखवा," खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला. मालिनीला आधी काही कळलंच नाही. त्याच्यासमोर तिचं सेवापुस्तक उघडं होतं, पहिलंच पान, तेवीस वर्षांपूर्वी शाईच्या पेनानं भरलेलं. पूर्ण नाव, मालिनी दिवाकर गायधनी. उंची, पाच फूट दोन इंच. शरीरावरची ओळखीची खूण, उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस भाजल्याचा जुना व्रण. "भरपाईच्या दाव्यासोबत पडताळणी करावी लागते," कारकून म्हणाला, "नुसतं आधार कार्ड चालत नाही, वरून तशी सूचना आहे." तिनं बांगड्या मागे सारल्या आणि हात खिडकीतून आत धरला. त्यानं पाहिलं, मग तिनंही वाकून पाहिलं. तिथं काही नव्हतं. निळसर शिरा होत्या, बांगड्यांनी पडलेला फिकट वळ होता, बाकी नुसती कातडी. "डावा बघू," तो म्हणाला. डाव्यावरही नव्हता. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. कारकून वाईट माणूस नव्हता. "जातात हो मॅडम, वय झालं की जातात खुणा. सिव्हिल सर्जनचा दाखला आणा, व्रण काळानुसार नाहीसा झाला म्हणून. पंधरा दिवसांत आणलात म्हणजे झालं." आणि अर्जाच्या कोपऱ्यात त्यानं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, खूण आढळली नाही.

ती बाहेर आली तेव्हा त्र्यंबक रोडवर मार्गशीर्षातलं कोवळं ऊन पडलं होतं. गंगापूर रोडला जाणाऱ्या दोन रिक्षा तिच्यासमोर थांबून पुढे गेल्या. ती चालत निघाली. आपला व्रण कधी गेला हे आपल्याला कळलं नाही, याचं तिला आश्चर्यही वाटत नव्हतं. उलट असं वाटत होतं की ती पुस्तकातली बाई अजून कुठंतरी आहे, एकोणतीस वर्षांची, मनगटावर व्रण असलेली, सकाळची पहिली बस पकडून कामावर जाणारी, आणि तिच्या नावावर भलतीच कोणी तरी भरपाई मागायला आली आहे. नऊ वर्षांची असताना देवघरातलं तापलेलं धुपाटणं तिच्या हातावर पडलं होतं. वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करत, आणि घरी त्यांच्या लांबट वह्या असत, कुठल्या गावचं कोण कधी आलं, कोणाचं पिंडदान करून गेलं, सगळं त्यात लिहिलेलं. हात भाजला त्या दिवशी ते वही बाजूला टाकून धावत आले होते, आणि रात्रभर... नाही, रात्रीचं तिला काही आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की त्या दिवशी आलेल्या एका कुटुंबाची नोंद करायची राहून गेली म्हणून वडील पुढे कितीतरी दिवस हळहळत होते. ती माणसं आली होती, म्हणायचे, आणि माझ्या वहीत ती आलीच नाहीत.

मालिनी ज्या मंडळात होती त्याचं नाव डोंगरी जलनोंद मंडळ. पश्चिमेकडच्या डोंगरातले झरे रोज मोजायचे आणि त्यांची नोंद ठेवायची, एवढंच त्याचं काम. कोणत्या तरी सरकारनं ते काढलं, पुढच्या दोन-तीन सरकारांना ते आहे हे ठाऊकच नसावं, आणि मागच्या वर्षी सरकार बदललं तेव्हा नव्यांनी पहिल्या सहा महिन्यांत जी छोटी छोटी मंडळं बंद केली त्यात हेही गेलं. पन्नाशीच्या आतल्यांना दुसऱ्या खात्यांत पाठवलं. पन्नाशी ओलांडलेल्यांना मुदतीआधीच निवृत्त केलं आणि कळवलं की उरलेल्या नोकरीच्या बदल्यात भरपाई मिळेल, दावा करा. मालिनी बावन्न वर्षांची होती. शेवटच्या दिवशी कोणी भाषण केलं नाही. दोन माणसं टेम्पो घेऊन आली आणि कपाटं उचलून घेऊन गेली, कपाटांखालची फरशी मात्र तेवढ्या चौकोनांत नवी राहिली होती. ती त्या चौकोनांना ओलांडत दारापर्यंत गेली होती.

तेव्हापासून दिवस सैल झाले होते. दिवाकर, तिचा नवरा, सहकारी बँकेतून दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला होता. त्याला घरी असण्याची कला येत होती. तो कुंड्यांना पाणी घालायचा, दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपायचा, मुलीला, यशश्रीला, पुण्याला फोन लावायचा. मालिनी खिडकीशी बसायची. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडू लागलं की ती नकळत मोजू लागायची. तेवीस वर्षं तिनं पाणी सेकंदांत वाचलं होतं. हरसूलच्या वरच्या अंगाला एक झरा होता; त्याच्या नळीखाली वीस लिटरची बालदी धरायची, आणि ती किती सेकंदांत भरते ते लिहायचं. श्रावणात सतरा, अठरा. कार्तिकात पस्तीस. फाल्गुनात मिनिटाच्या वर, वैशाखात तीन-तीन मिनिटं. पहिली आठ वर्षं ती हरसूलच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात होती, मग नाशिकला आली, पण हरसूलच्या वह्या आणि मस्टर सहीसाठी तिच्याकडेच येत राहिले. त्या आकड्यांवरून तिला वर कुठली फुलं आली असतील, कुठल्या दगडावर शेवाळ वाळलं असेल, हेसुद्धा दिसायचं. झरा मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. तिचं काम टेबलावरचं होतं. वर जायचं काम रोजंदारीवरच्या चंद्रभागेचं होतं.

चंद्रभागा तिच्याकडे आली ती या खिडकीच्या प्रसंगानंतर चारच दिवसांनी. दार उघडलं तर समोर ती उभी, हिरव्या लुगड्यात, हातात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या वह्यांची पिशवी. साठीला आली असेल. हरसूलची सकाळची बस धरून आली होती. सोफ्याच्या अगदी कडेला बसली, चहा बशीत ओतून प्याली, आणि मग म्हणाली, "म्याडम, तुमची एक सही लागती."

"कसली सही?"

"रोजंदारीवाल्यांना बी भरपाई हाय म्हनत्यात. पर सलग नोकरी पायजे. सून वाचती ना माझी, उज्वला, तिनं अर्ज केला मोबाईलवरनं. तर त्यांचं उत्तर आलं, का तुमची नोकरी सलग नाय. मधी मधी खाडे हायेत." तिनं 'खाडे' हा शब्द असा उच्चारला जणू तो दुसऱ्या कोणाच्या घरातला आहे. "म्हनलं, मी तर एक दिस घरी राह्यले नाय. तापात गेले, पावसात गेले. ह्या बघा वह्या, हापीस बंद झालं तवा कोनी नेल्या नाय, मी घरी ठिवल्या. रोजचं माप हाय, माझ्या हातचं. आन् त्याच्याम्होरं तुमची बारकी सही. सुनावनीला येऊन तुमी एवढंच सांगा, का सही माझीच हाय."

मालिनीनं वही हातात घेतली. ओल लागून पानं फुगली होती. एकेक ओळ, तारीख, आकडा, आणि पुढे तिची स्वतःची छोटी सही, मा. गा., रोज तशीच, झोपेतसुद्धा करता येईल अशी.

"खाडे कसे काय लागले, काय कळंना," चंद्रभागा म्हणाली. "लिवनाऱ्याची चूक झाली आसंल."

मालिनीनं वही मिटली. लिहिणारी तीच होती. पहिल्या वर्षी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं की रोजंदाराचे सलग नव्वद दिवस भरू द्यायचे नाहीत, नाहीतर ते कायम करा म्हणून कोर्टात जातात. म्हणून नव्वदाव्या दिवशी मस्टरवर खाडा लावायचा. तिनं विचारलं होतं, मग त्या दिवशीचं माप? साहेब म्हणाले, एक दिवस सोडा. पण पहिल्या खाड्याच्या आदल्या संध्याकाळी तिच्या मनात आलं की तक्त्यात भोक पडेल. सगळ्या वर्षाच्या पाण्यात एक दिवस पाणीच नाही असं दिसेल. ते तिला सहन होईना. तिनं चंद्रभागेला सांगितलं, उद्या नेहमीसारखं जाऊन या, खंड नको. आणि दुसऱ्या दिवशी तिनं एकाच पेनानं मस्टरवर चंद्रभागेच्या नावापुढे खाडा लावला आणि वहीत तिनं आणलेल्या मापापुढे सही केली. महिन्याअखेर एक रोज कमी आला तेव्हा चंद्रभागेनं विचारलं होतं. कपात असते सरकारी, मालिनी म्हणाली होती. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. वर्षातून चार वेळा, वर्षानुवर्षं, हे असंच चाललं. पाच वर्षांपूर्वी सर्व केंद्रांत अखंड नोंद म्हणून हरसूलला मंडळाचं प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर मालिनीचं नाव होतं. ते घेताना तिच्या मनात काहीही आलं नव्हतं. हेच आता तिला भयंकर वाटत होतं, की काहीही आलं नव्हतं.

"बघते," ती म्हणाली. "कळवते तुम्हाला."

चंद्रभागा गेल्यावर दिवाकर आतल्या खोलीतून आला. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि खाड्यांचं त्याला जुन्या बोलण्यांतून ठाऊक होतं. "सही माझी आहे म्हणालीस," तो शांतपणे म्हणाला, "की पुढचा प्रश्न येणार, मग मस्टर कोणाचं. म्हणजे तू खोटं मस्टर लिहिलंस असं तूच लिहून देणार. चौकशी लावतील. तुझा दावा तर थांबेलच, पेन्शनही अडकवतील."

"हो."

"त्या साहेबांनी सांगितलं होतं ना. ते कुठं आहेत आता?"

"वारले."

 "मी तुला जाऊ नको म्हणत नाही," तो म्हणाला, "पण आधी नीट विचार कर. तो सर्जनचा दाखला तरी आणून ठेव." आणि तो कुंड्यांकडे गेला.

दाखला तिनं आणला. डॉक्टरनं मनगटावर बोट फिरवलं, काही न विचारता सही केली. मग एके सकाळी तिनं दिवाकरला सांगितलं की हरसूलला जाऊन येते, आणि सीबीएसवरून बस धरली. त्र्यंबकच्या पुढे रस्ता चढू लागला तसा बसमध्ये आठवडे बाजाराला निघालेल्या बाया भरत गेल्या, कोणाच्या मांडीवर कोंबडी, कोणाच्या पायाशी वरईचं गाठोडं. मालिनीचे डोळे मिटत होते. अर्धवट झोपेत तिला वाटत होतं की ती अजून नोकरीत आहे आणि तिला उशीर झालाय, मस्टर साहेबांच्या टेबलावर गेलंय आणि तिच्या नावापुढे कोणीतरी खाडा लावतंय. ती ओरडून सांगते आहे की मी आलेय, ही काय इथंच उभी आहे, पण तिचा आवाज पाण्याखालून यावा तसा येतो. ती दचकून जागी झाली तेव्हा शेजारची बाई तिला पेरूची फोड देत होती. तिनं ती घेतली.

चंद्रभागेचं घर गावाबाहेर होतं. अंगणात नागलीची कणसं वाळत पडली होती. मालिनीला पाहून ती उठली, काय काम म्हणून विचारलं नाही. झरा बघायचाय म्हटल्यावर मात्र जरा हसली. "येवढ्या वर्सांनी?" तिनं चपला घातल्या आणि पुढे निघाली. वाट उभी होती. मालिनी दर वळणावर थांबत होती. पुढे चालणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईचं पाऊल कुठंही अडखळत नव्हतं. ही वाट रोज, हे तिच्या मनात येत होतं, आणि रोज म्हणजे रोज. वर पोचल्यावर तिला आधी झरा दिसलाच नाही. एका काळ्या कातळाच्या पोटातून बोटाएवढी लोखंडी नळी बाहेर आली होती, तिच्यातून पाणी पडत होतं, खाली एक डबकं, त्यात दोन पिवळी पानं. एवढंच. तिच्या तक्त्यांमध्ये हा झरा नदीएवढा होता.

"आज किती असेल?" तिनं विचारलं.

"आता कोन मोजतंय," चंद्रभागा म्हणाली. "हापीस बंद झालं त्या दिशी बालदी घरी नेली. गोठ्यात वापरती उज्वला."

"एकदाही मोजलं नाहीत?"

"कशाला मोजू? आसंल तेवढं आसंल."

 मालिनी दगडावर बसली. पाणी पडत होतं आणि त्याला आकडा नव्हता. ते कालही पडलं होतं, परवाही, कोणी न लिहिता, आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं. मग ज्या एका दिवसाचं भोक तिला सहन झालं नव्हतं ते कोणासाठी? पाण्याला ते नको होतं. साहेबांनी तर सोडा म्हटलं होतं. तिनं ओंजळ धरली. पाणी इतकं गार होतं की बोटं दुखली. चंद्रभागा बाजूला उभी राहून लांब कुठंतरी बघत होती, कोणाच्या तरी शेतात धुराची रेघ वर जात होती तिकडे. सांगावं, आत्ता सांगावं, मालिनीच्या ओठांवर आलं. पण तिला ते इथं जमलं नाही. "सुनावणीला येते मी," एवढंच ती म्हणाली. चंद्रभागेनं मान हलवली, जणू ती येणार नाही असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

सुनावणीच्या खोलीत तीन टेबलं होती आणि पंखा उगाच फिरत होता. छाननी समितीच्या अधिकारी तरुण होत्या, हर्षाली नाव पाटीवर होतं, आवाज मऊ आणि थकलेला. चंद्रभागा भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली होती. मालिनीनं वह्या पाहिल्या आणि सही आपली असल्याचं सांगितलं. मग दिवाकर म्हणाला होता तोच प्रश्न आला.

"मस्टरवर त्यांचे खाडे आहेत. तेही तुमच्याच अक्षरात आहेत ना?"

"हो."

"मग खरं काय? त्या दिवशी त्या कामावर होत्या की नव्हत्या?"

"होत्या. मीच पाठवत होते." तिला आपला आवाज सरळ, कोरडा ऐकू आला. "वहीत ज्या सहीखाली टिंब आहे ते खाड्याचे दिवस. मला मस्टरशी जुळवायला बरं पडावं म्हणून मी टिंब देत होते."

अधिकारी बाईंनी वही जवळ ओढली, एक टिंब पाहिलं, मस्टरवरची तारीख पाहिली, मग आणखी एक. मग टायपिस्टला थांबायची खूण केली. "गायधनी मॅडम, याचा तुमच्या स्वतःच्या दाव्यावर परिणाम होईल, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

टायपिस्ट लिहू लागला आणि वाचूही लागला, वरिष्ठांच्या तोंडी आदेशानुसार खोटे खाडे लावले. मालिनीनं त्याला थांबवलं. "पहिल्या वेळी आदेश होता," ती म्हणाली. "नंतर मला कोणी सांगायला लागलं नाही. आणि खाड्याच्या दिवशी त्यांना कामावर पाठवा असं तर कोणीच कधी सांगितलं नव्हतं. ते माझं होतं. तसं लिहा."  टायपिस्टनं अधिकारी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. भिंतीकडे पाहायचं मालिनीनं टाळलं.

पुढे महिन्याभरानं आदेश निघाले. चंद्रभागेची सेवा सलग धरली गेली आणि तिचा दावा मंजूर झाला. मालिनीचा चौकशी होईपर्यंत स्थगित ठेवला, पेन्शनही तात्पुरती आणि अर्धी. ती चौकशी अजून चालू आहे. दिवाकरनं आदेश वाचून घडी घातली आणि संध्याकाळी त्यानं तिच्यासाठी चहा केला. पण त्या दिवशी, सुनावणीनंतर, हे काही ठरलेलं नव्हतं. दोघी चालत सीबीएसवर आल्या.  हरसूलच्या फलाटावर बाकावर बसल्यावर चंद्रभागेनं पिशवी मांडीवर घेतली.

"तुमाला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"मला वाटलं, चूक झाली आसंल कोनाची."

 माफी मागायचे शब्द मालिनीनं बसमध्ये, घरी, खिडकीशी बसून जुळवले होते. त्यातला एकही आता उचलण्यासारखा वाटेना. चंद्रभागेनं वह्यांची पिशवी उघडली, एक वही काढली, ती नको म्हणून ठेवली, दुसरी काढली. "माझी आय गेली त्या वर्साची ही," ती म्हणाली. "नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी. सकाळपास्नं तिचं काय खरं नव्हतं. शेजारीन म्हनली, आज नको जाऊ. म्हनलं, म्याडमनी सांगितलंय, खंड नको. मी खाली आले तवा तिला भुईवर घेतलेलं व्हतं." तिनं वही मालिनीपुढे धरली. "तो दिस खाड्याचा व्हता का, बघा."

मालिनीनं पानं उलटली. तिच्या बोटांना ती वही पाठ होती. नागपंचमीची तारीख, तिच्याखालची ओळ. चंद्रभागेचा तिरका आकडा, पुढे मा. गा., आणि सहीखाली टिंब. इतकं बारीक की नाही म्हटलं तरी चाललं असतं. चंद्रभागा टिंबाकडे बघत नव्हती. ती मालिनीच्या तोंडाकडे बघत होती.

"होता," मालिनी म्हणाली.

बस फलाटाला लागली होती. लोक दाराशी दाटी करू लागले. चंद्रभागा उठली नाही. तिनं वही आपल्याकडे वळवली, आकड्यावर बोट ठेवलं आणि सावकाश वाचला. "अठरा." मग थोड्या वेळानं म्हणाली, "लय पानी व्हतं त्या दिशी." तिनं वही मिटली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. बस मागे येऊन वळली, तिनं बाहेर पाहिलं नाही, आणि मालिनीनंही हात वर केला नाही.